कुणाचं कपाट चांगलं?

बालमित्रांनो, आज सुरुवातीला माझीच एक चूक सांगते.

आमच्या शाळेतून चौथी होऊन एक मुलगी दुसऱ्या शाळेत गेली. तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला श्रुती म्हणू या. पहिलीत दाखल करताना तिचं नाव 'श्रृती' असं लिहिलं गेलं होतं. ती तिसरीत असताना तिच्या आईने ते माझ्या लक्षात आणून दिलं. मी तिथल्या तिथे हजेरीपटावर 'श्रुती' असं नीट लिहिलं आणि विसरून गेले. पण श्रुतीचं नाव काय फक्त हजेरीपटावरच होतं? ते जनरल रजिस्टरमध्ये होतं, निकालपत्रकात होतं, पुस्तकवाटपाच्या यादीत होतं, वजन-उंचीच्या वहीतसुद्धा होतं. शाळा सोडल्याचा दाखला लिहितात तो जनरल रजिस्टर बघून. त्यामुळे दाखल्यावर 'श्रृती' आणि आधार कार्डावर 'श्रुती'! नव्या शाळेने विचारलं, ही मुलगी एक की दोन? श्रुतीचे बाबा रोजंदारीवर जातात. अर्ज, पुरावे, सह्या यांत त्यांचे दोन दिवस बुडाले. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, म्हणून मला जास्तच लागलं.

त्याच आठवड्यात पनवेलच्याच एका सातवीतल्या वाचकाचं पत्र आलं. त्याच्या बाबांनी लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्या वेळचं पुस्तक त्याला माळ्यावर सापडलं. तो लिहितो, "यात ओरॅकल, इंग्रेस, सायबेस, इन्फॉर्मिक्स अशी चार नावं आहेत. चारही माहिती ठेवण्याचंच काम करतात, तर चार कशाला? आणि त्यातलं चांगलं कोणतं?"

मी पत्र दोनदा वाचलं. म्हटलं, अरे, माझ्या चुकीचं आणि या पत्राचं मूळ तर एकच आहे!

ही चारही नावं म्हणजे माहिती ठेवायची कपाटं. लाकडाची नव्हेत बरं का, कॉम्प्युटरमधली. त्यांना 'रिलेशनल डेटाबेस' म्हणतात. १९८० ते १९९५च्या सुमाराला ती पुष्कळदा युनिक्सवर चालणाऱ्या यंत्रांवर बसवली जात. युनिक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेली. आणि त्या यंत्रांतली बरीचशी होती 'वर्कस्टेशन': टेबलावर मावणारी, पण साध्या पीसीपेक्षा दांडगी. सन मायक्रोसिस्टिम्स ही त्यातली नावाजलेली कंपनी. ती १९८२ साली चौघांनी काढली, त्यात एक आपले विनोद खोसला होते. दांडगी म्हणजे किती? १९८६च्या 'सन ३/५०' या वर्कस्टेशनची स्मृती होती ४ मेगाबाइट. तुमच्या घरातल्या फोनने काढलेला एखादा फोटोच आज तेवढी जागा खातो. ही ४ मेगाबाइटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता या कपाटांची मूळ कल्पना. एडगर कॉड नावाचे एक गणिती होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेले आणि नंतर अमेरिकेत आयबीएम कंपनीत कामाला लागलेले. तोवर माहिती ठेवायची पद्धत झाडासारखी होती. अपोलो यानाला लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्यासाठी आयबीएमने तसाच एक प्रोग्रॅम केला होता. खोडावरून फांदीवर, फांदीवरून डहाळीवर जायचं, मग पान सापडायचं. वाट माहीत नसेल तर पान सापडत नाही. कॉडनी १९७० साली एक लेख लिहून सांगितलं, की झाड नको, साधे तक्ते करा. प्रत्येक गोष्ट एकाच तक्त्यात एकदाच लिहा आणि तक्ते एकमेकांना क्रमांकाने जोडा.

म्हणजे कसं? विद्यार्थ्यांचा एक तक्ता करायचा. त्यात रजिस्टर क्रमांक, नाव, गाव आणि जन्मतारीख. हजेरीच्या तक्त्यात नाव लिहायचंच नाही! फक्त क्रमांक लिहायचा: १४२, हजर. निकालाच्या तक्त्यातही क्रमांकच: १४२, गणित, ८६. ज्याला नाव हवं त्याने १४२ क्रमांक घेऊन पहिल्या तक्त्यात बघायचं. मग 'श्रृती'चं 'श्रुती' करायचं तर एकाच जागी करायचं. हजेरीपट, निकालपत्रक, दाखला, सगळं आपोआप सुधारतं. कॉडना १९८१ साली टुरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रात याहून मोठा मान नाही. माझा हजेरीपट बघितला असता तर त्यांनी काय म्हटलं असतं कोण जाणे!

गंमत अशी, की आयबीएमने स्वतःच्याच माणसाची ही कल्पना दुकानात आणायला बरीच वर्षं लावली. एक प्रयोग केला, त्याचे लेख छापले, पण विक्री नाही. तोवर ते लेख वाचून इतर लोक पुढे सरसावले.

पहिले कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग. त्यांनी १९७३ साली इंग्रेस सुरू केलं, तेही युनिक्सवरच. टेपवर भरून, मूळ प्रोग्रॅमसकट, किरकोळ खर्चात ते इतर विद्यापीठांना देत. त्यामुळे कितीतरी मुलं कपाट उघडून आतल्या खिट्या आणि बिजागऱ्या बघत शिकली.

दुसरे लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स. त्यांनी १९७७ मध्ये कंपनी काढली आणि १९७९ मध्ये ओरॅकल विकायला आणलं. पहिल्याच विक्रीला नाव दिलं 'आवृत्ती २'. आवृत्ती १ कधी विकलीच नाही! पहिल्या आवृत्तीत चुका असतात असं गिऱ्हाइकाला वाटतं, म्हणून ही चलाखी. (परीक्षेत पहिल्याच पानावर 'पुरवणी २' लिहू नका हं.)

तिसरे रॉजर सिपल, १९८०. 'इन्फर्मेशन' आणि 'युनिक्स' हे दोन शब्द जोडून त्यांनी इन्फॉर्मिक्स हे नाव केलं. लहान यंत्रावर चालणारं आणि खिशाला परवडणारं असं ते होतं. चौथं सायबेस, १९८४ मध्ये मार्क हॉफमन आणि बॉब एपस्टाइन यांनी काढलेलं. हे एपस्टाइन पूर्वी बर्कलीत इंग्रेसवरच काम करत होते.

आता पत्रातला खरा प्रश्न: चांगलं कोणतं?

कपाटाला विचारायची भाषा घेऊ. पळस्पे गावातल्या मुलांची नावं हवी असतील तर ओरॅकलला असं विचारायचं: सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर गाव = 'पळस्पे'. या भाषेला एसक्यूएल म्हणतात. ती आयबीएमच्या प्रयोगातून १९७४ साली निघाली. इंग्रेसची भाषा वेगळी होती, तिचं नाव क्वेल. तिच्यात आधी सांगायचं, रेंज ऑफ व इज विद्यार्थी. मग म्हणायचं, रिट्रीव्ह (व.नाव) व्हेअर व.गाव = 'पळस्पे'. क्वेल जास्त नीटनेटकी आहे असं त्या वेळच्या पुष्कळ जाणकारांचं मत होतं. पण १९८६ मध्ये अमेरिकेच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेने एसक्यूएल प्रमाण मानली. नीटनेटकेपणा बाजूला राहिला आणि सगळे एसक्यूएल बोलू लागले, इंग्रेससुद्धा. कोल्हापूरच्या मुलाने पुण्यात येऊन प्रमाण मराठीत निबंध लिहावा, तसंच काहीसं.

वीज गेली तर काय, याची उत्तरं चौघांचीही जवळपास सारखीच होती. तुमच्या आजोबांना विचारा, दुकानात कीर्द आणि खतावणी असायची. व्यवहार झाला की आधी कीर्दीत उतरवायचा आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायचा. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्द बघून पुरी करता येते. ही कपाटंही आधी कीर्द लिहितात. तिला ते 'लॉग' म्हणतात.

खरी परीक्षा वेगळीच होती. दोन माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीवर हात घालतात तेव्हा काय होतं?

हे समजायला गणपतीच्या आधी पनवेलच्या आरक्षण खिडकीवर चला. (रेल्वेची यंत्रणा तिची स्वतःची, वेगळी आहे. मी खिडकी फक्त उदाहरणाला घेतेय.) मांडवी एक्स्प्रेसमध्ये एकच जागा उरली आहे. पनवेलच्या खिडकीवर एक काका कणकवलीचं तिकीट मागतात. त्याच क्षणी ठाण्याच्या खिडकीवर एक मावशी कुडाळचं मागतात. दोन्ही कारकुनांना पडद्यावर दिसतं, 'शिल्लक १'. दोघंही म्हणतात, "आहे, आहे!" दोघंही तिकीट छापतात. आता गाडीत त्या एका बाकावर काका बसणार की मावशी? आणि आरतीला कोण पोचणार?

हे होऊ नये म्हणून कपाटाने कुलूप लावायला हवं. ज्याने आधी हात घातला त्याच्यासाठी ती नोंद बंद करायची आणि दुसऱ्याला सांगायचं, थांब. पण कुलूप लावायचं केवढ्या भागाला? इथे चौघांची तोंडं चार दिशांना.

सुरुवातीच्या ओरॅकलमध्ये अख्ख्या तक्त्यालाच कुलूप लागायचं. म्हणजे काका मांडवीचं तिकीट काढत असताना मावशीला कोकणकन्येचंही मिळणार नाही! सायबेस आणि इंग्रेस पानाला कुलूप लावत. तक्ता कॉम्प्युटरमध्ये पानापानांनी ठेवलेला असतो, आपल्या रजिस्टरसारखाच. एका पानावर वीस-पंचवीस ओळी बसत असतील, तर एका ओळीसाठी त्या सगळ्या बंद. शेजारच्या ओळीवर काम असणाऱ्याचा काही दोष नाही, तरी तो ताटकळत उभा. १९८८ साली ओरॅकलची आवृत्ती ६ आली. तिने कुलूप एकेका ओळीला लावायची सोय केली. इन्फॉर्मिक्स म्हणालं, तुम्हीच ठरवा. तक्ता तयार करतानाच सांगा, पानाला कुलूप लावू की ओळीला?

मग सायबेसवाले बावळट होते का? मुळीच नाही. ते ४ मेगाबाइट आठवतात ना? कुठे कुठे कुलूप लावलंय याची यादीही स्मृतीतच ठेवावी लागते. हजार ओळींना हजार कुलपं लावली तर हजार चिठ्ठ्या. पानांना लावली तर चाळीस-पन्नास चिठ्ठ्यांत भागतं. लहान यंत्र, थोडी स्मृती, तर पानाचं कुलूप हे शहाणपणच होतं. ओरॅकलने या चिठ्ठ्यांवर एक युक्ती काढली. वेगळी यादी ठेवायचीच नाही, ज्या ओळीला कुलूप आहे तिच्याच अंगावर खूण करायची. युक्ती चांगली, पण मग नुसतं कुलूप लावायचं तरी त्या पानावर लिहावं लागतं. फुकट काहीच मिळत नाही! सायबेसने ओळीचं कुलूप आणलं ते १९९८ मध्ये, आवृत्ती ११.९ मध्ये. तोवर बरीच गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली होती.

अजून एक बारकावा आहे. एखाद्याला काही बदलायचंच नाही, नुसतं वाचायचंय. समजा, मी निकालाची बेरीज करायला बसले आणि तेवढ्यात दुसऱ्या बाई एका मुलाचे गुण दुरुस्त करू लागल्या. कुलूपवाली पद्धत म्हणते, एकीचं होईपर्यंत दुसरीने थांबा. ओरॅकल म्हणायचं, कुणी थांबू नका. दुरुस्ती सुरू असताना वाचणारीला मी दुरुस्तीआधीची प्रत दाखवतो. बेरीज जुन्या गुणांची येईल, पण सगळी एकाच क्षणाची येईल. अर्धी जुनी, अर्धी नवी अशी खिचडी होणार नाही. मला विचाराल तर चौघांतली सगळ्यात सुंदर कल्पना ही. मात्र जुन्या प्रती ठेवायला जागा लागते, आणि यंत्रही दांडगं लागतं.

इथे सायबेसची बाजू सांगायलाच हवी. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई ओरॅकलच्या पार्टीत गेल्या! ओरॅकल युनिक्सवर प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक वेगळा नोकर उभा करायचं. पन्नास गिऱ्हाइकं आली की पन्नास नोकर, आणि प्रत्येकाला उभं राहायला स्मृतीत जागा. सायबेसचं खानावळीसारखं होतं. एकच चटपटीत वाढपी सगळ्या पंगतीत फिरायचा, इकडे भात, तिकडे आमटी. लहान यंत्रावर हे फार भावलं. शिवाय नेहमी लागणारी कामं कपाटातच शिकवून ठेवायची आणि एखादी नोंद बदलली की ठरलेलं काम आपोआप व्हायचं, या सोयी सायबेसने १९८७ मध्येच आणल्या. ओरॅकलमध्ये त्या नीट आल्या १९९२ साली, आवृत्ती ७ मध्ये. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातल्या पेढ्यांना सायबेस आवडायचं ते काही उगाच नाही.

तुम्ही म्हणाल, चौघांना मैदानात उभं करा, शिट्टी वाजवा आणि पळवा! चौघांना एकदम नव्हे, पण तसं काहीसं खरंच केलं गेलं. १९८३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड डेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या काही डेटाबेसना सारखेच तक्ते आणि सारखेच प्रश्न देऊन वेळ मोजली. आकडे नावासकट छापले. ओरॅकलचे आकडे काही चांगले आले नव्हते. एलिसन भडकले. पुढे ओरॅकलने आपल्या परवान्यात अट घातली, की आमच्या परवानगीशिवाय असल्या चाचणीचे आकडे छापायचे नाहीत. मग इतर काही कंपन्यांनीही तशीच अट घातली. या अटीला 'डेविट कलम' असं त्या प्राध्यापकांचंच नाव पडलं! मला हे मुळीच पटत नाही. परीक्षेला बसायचं, पण निकाल फळ्यावर लावू द्यायचा नाही, असं आमच्या शाळेत चालेल का? शेवटी १९८८ मध्ये कंपन्यांनी मिळून एक परिषद नेमली. चाचणी कशी घ्यायची याचे नियम ती ठरवते. पण त्या चाचण्या कंपन्या स्वतःच घेतात, स्वतःला सोयीचं यंत्र निवडून. तेव्हा पालकांनो, 'सर्वात वेगवान' अशी जाहिरात दिसली की कोणत्या मैदानावर, कोणत्या बुटांनी, हे विचारायला विसरू नका.

जाहिराती तर अशा चालायच्या की बस! इन्फॉर्मिक्सने ओरॅकलच्या मुख्य कचेरीजवळ हमरस्त्यावर भलामोठा फलक लावला होता, 'सावधान, पुढे डायनोसॉर रस्ता ओलांडतात'. म्हणजे ओरॅकल हा डायनोसॉर! लोक हसले. आणि १९९७ मध्ये काय झालं? इन्फॉर्मिक्सला कबूल करावं लागलं, की आधीच्या वर्षांची आपली कमाई आपण खरी होती त्यापेक्षा फुगवून दाखवली. हिशेब नव्याने मांडावे लागले आणि त्यांच्या प्रमुखाला पुढे तुरुंगात जावं लागलं. दुसऱ्यांच्या नोंदी चोख ठेवणारं कपाट विकायचं आणि स्वतःच्या वहीत खाडाखोड करायची! ओरॅकलही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. १९९० मध्ये विक्रीच्या आकड्यांवरून तेही अडचणीत आलं होतं आणि कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. पण ते सावरलं.

बाकीचे विकले गेले. इन्फॉर्मिक्सचा डेटाबेस २००१ मध्ये आयबीएमने घेतला. सायबेस कंपनी २०१० मध्ये एसएपी या जर्मन कंपनीने घेतली. मात्र तिचं एक पिल्लू मायक्रोसॉफ्टकडे वाढलं. तिथला एसक्यूएल सर्व्हर मुळात सायबेसचाच. दोघे १९९४ मध्ये वेगळे झाले. आणि इंग्रेस? तीन-चार घरं फिरून ते ॲक्टियन नावाच्या कंपनीत गेलं आणि ती कंपनी २०१८ मध्ये आपल्या नोएडाच्या एचसीएलकडे आली. इन्फॉर्मिक्स सुधारत राहायचं कामही आयबीएमने २०१७ मध्ये एचसीएलवरच सोपवलं. एकेकाळचे दोन प्रतिस्पर्धी म्हातारपणी एकाच भारतीय छपराखाली आले, आहे की नाही मजा?

पण या चौघांच्या भांडणात एक पाचवा गडी गुपचूप मोठा होत होता. स्टोनब्रेकर इंग्रेस कंपनीतून परत विद्यापीठात गेले आणि १९८६ मध्ये त्यांनी नवं कपाट करायला घेतलं. इंग्रेसच्या नंतरचं, म्हणून नाव पोस्टग्रेस. तेही मूळ प्रोग्रॅमसकट सगळ्यांना खुलं. सात-आठ वर्षांनी विद्यापीठाने ते काम थांबवलं. तेव्हा अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल शिकवली, आणि १९९६ पासून जगभरचे हौशी लोक ते वाढवू लागले. आज त्याचं नाव पोस्टग्रेएसक्यूएल. 'वाचणाऱ्याला जुनी प्रत दाखवा' ही युक्ती १९९९ मध्ये त्यातही आली. किंमत शून्य. चाचणीचे आकडे छापायला बंदी नाही. स्टोनब्रेकरना २०१४ सालचा टुरिंग पुरस्कार मिळाला.

आता घराजवळ येऊ या. पनवेलहून गाडीने तासा-दीड तासावर पवईची आयआयटी आहे. तिथले प्राध्यापक एस. सुदर्शन हे डेटाबेसवरच्या एका जगप्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या तीन लेखकांपैकी एक. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शिडाच्या होड्या असतात, म्हणून मुलं त्याला होड्यांचं पुस्तक म्हणतात. आणि घाट चढून पुण्याला गेलात तर तिथे आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केलेली पर्सिस्टंट ही कंपनी आहे. त्यांनी अमेरिकेत डॉक्टरेट केली ती याच विषयात. तक्त्याच्या एका चौकटीत आणखी एक छोटा तक्ता ठेवला तर काय होईल, असा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. 'पर्सिस्टंट' हा शब्दही डेटाबेसवाल्यांच्या बोलण्यातलाच. प्रोग्रॅम बंद झाला तरी टिकून राहणारी माहिती ती पर्सिस्टंट. पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणाऱ्या एंटरप्रायझडीबी या कंपनीचंही मोठं कार्यालय पुण्यातच आहे. म्हणजे बाबांच्या त्या जुन्या पुस्तकातली गोष्ट आज आपल्या घाटापलीकडे लिहिली जातेय.

तर पत्र लिहिणाऱ्या मित्रा, चांगलं कोणतं? याचं उत्तर एका युद्धनौकेवर मिळतं. रिचर्ड हिप नावाचे एक अमेरिकन प्रोग्रॅमर नौदलाच्या जहाजासाठी एक प्रोग्रॅम लिहीत होते. जहाजाचा एखादा भाग तुटला तर पाणी कुठे अडवायचं, कोणती झडप बंद करायची, हे तो सांगायचा. माहिती ठेवली होती इन्फॉर्मिक्समध्ये, एका युनिक्स यंत्रावर. इन्फॉर्मिक्स उत्तम होतं. पण कधी ते यंत्र बंद असलं की प्रोग्रॅम म्हणायचा, 'डेटाबेसशी संपर्क होत नाही', आणि शिव्या मात्र हिपना. तुटलेल्या जहाजावर असं उत्तर कुणाला हवंय! हिप विचार करू लागले. इथे शंभर माणसं एकदम लिहायला येत नाहीत. मग एवढा मोठा कारभार कशाला? २००० साली त्यांनी एसक्यूलाइट नावाचं इवलंसं कपाट केलं, प्रोग्रॅमच्या खिशातच बसणारं. त्यात अख्ख्या कपाटालाच एक कुलूप! एका वेळी एकानेच लिहायचं. आरक्षणाच्या खिडकीवर हे चालणार नाही, गणपतीत तर दंगल होईल. पण तुमच्या आईच्या फोनमध्ये लिहिणारी एकटी आईच असते. म्हणून आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये एसक्यूलाइट आहे, आणि ते फुकट आहे.

आता एक काम करा. शाळेच्या ग्रंथालयाची वही मागून घ्या. बहुतेक तिच्यात प्रत्येक ओळीवर मुलाचं नाव, इयत्ता, पुस्तकाचं नाव, लेखक, दिल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख असेल. एकच पुस्तक दहा मुलांनी नेलं असेल तर लेखकाचं नाव दहादा लिहिलेलं दिसेल, त्यात तीनदा तरी चुकीचं! या वहीचे तक्ते पाडा. किती लागतात, दोन, तीन की जास्त? प्रत्येकात कोणता क्रमांक हवा? आणि एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर? माझे स्वतःचे पहिल्या खेपेला चुकले होते. पुढच्या अंकात माझे तक्ते देते, तुमचे वहीत तयार ठेवा.